फाटक पडलं की गाडी बंद कर

छोटे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी रेल्वे फाटकावर अडकले होते. इथले दुपारचे दोन, म्हणजे तुझ्या टेक्सासात रात्रीचे अडीच. कोळशाची मालगाडी सरकता सरकत नव्हती. बाजूच्या ट्रकवाल्याने इंजिन चालूच ठेवलेलं, त्याच्या घरघरीत तुझं अर्धं बोलणं गेलं. कानावर पडलं ते एवढंच, "ताई, स्टेटस तेच आहे." मग बराच वेळ नुसता श्वास. तू रडत होतीस ते मला कळलं, पण मी विचारलं नाही. "आधी झोप," म्हणून फोन ठेवला आणि मग रात्री मलाच झोप नाही.

म्हणून आज सेंटरचं शटर अर्धं ओढून लिहायला बसले आहे. पूर्ण ओढलं तर लोक ठोकतात, उघडं ठेवलं तर उत्पन्नाचा दाखला मागत आत येतात. अर्ध्या शटरला मात्र मान देतात, का ते देव जाणे.

तू म्हणशील, घुग्घुसात आपले सरकार सेवा केंद्र चालवणारीला अमेरिकेच्या ईबी-5 मधलं काय कळतं? कायद्यातलं तुझ्या वकिलाला कळतं, मला नाही. पण काकांच्या जमिनीचे जे कागद तुझ्या अर्जाला जोडले गेले, त्यातला एकेक कागद माझ्या या टेबलावरून गेला आहे. आणि कागदाची वाट पाहणारी माणसं मी पंधरा वर्षं रोज समोर पाहते. जात पडताळणीवाली, वारसाच्या फेरफारवाली, वनहक्काच्या दाव्यावाली. गुंतवणूकदाराच्या व्हिसाची वाट पाहणारी तू पहिलीच, पण चेहरा तोच असतो गं. आधी रोज येतात, मग आठवड्याने येतात. पुढे पुढे रस्त्यात दिसले की मीच नजर चुकवते, कारण सांगायला माझ्याकडे काही नसतं.

तर पहिल्यांदा ते "काहीच होत नाहीये" म्हणणं सोड. माझ्याकडे कोणी असं म्हणत आलं की मी विचारते, काय होत नाहीये बापा? रांग हलत नाही, टेबल हलत नाही, की त्रुटी निघाली? तिन्हींचा उशीर वेगळा, तिन्हींचं औषध वेगळं. आणि रात्री अडीचला उठून मोबाईलवर केस नंबर टाकणं हे तिन्हींपैकी कशाचंच औषध नाही.

रांगेचं तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण रात्री अडीचला माहीत असलेलं काही आठवत नाही. 1990 च्या कायद्याने तिकडे गुंतवणूकदारांसाठी ही पाचवी श्रेणी काढली. वर्षाला साधारण 10 हजार व्हिसा, त्यातच बायकापोरं मोजायची, आणि कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांच्या वर नाही. आइसलँडला जी मर्यादा तीच आपल्याला. देशही कुठला धरतात, तर जिथे जन्म झाला तो. तू ऑस्टिनमध्ये चौदा वर्षं राहिलीस याचा हिशेब नाही, घुग्घुसात जन्मलीस याचा आहे. जावयांची नोकरीतून लावलेली ईबी-2 ची रांग आठव. 2025 उजाडलं तरी भारतीयांसाठी ती 2012-13 सालच्या अर्जांपाशी घुटमळत होती. त्या रांगेला कंटाळूनच तुम्ही ही वाट धरली ना? मग या वाटेवर दीड वर्ष झालं म्हणून छाती पिटू नको.

2022 च्या मार्चमधल्या नव्या कायद्याने ग्रामीण भागातल्या प्रकल्पांना 20 टक्के व्हिसा राखून ठेवले. (अमेरिकेतही ग्रामीणला राखीव जागा, हे ऐकून काकांना केवढा आनंद झाला होता!) तुमचा पैसा त्या खान्यातला. भारतीयांसाठी तिथे रांग लागलेली नव्हती, म्हणून तर मूळ अर्ज आणि ग्रीन कार्डाचा अर्ज तुम्हाला एकदमच भरता आला. पुढे रांग लागणारच नाही असं कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. त्यांचं सरकारी वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी कोटा संपत आला की तारखा मागेही सरकतात. ते दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये छापून येतं. महिन्यातून एकदा येतं, छोटे. दिवसातून अकरा वेळा नाही.

टेबलाचं मात्र वेगळं आहे. रांगेशी भांडता येत नाही, टेबलाला विचारता येतं. पण विचारायचीही वेळ असते. तिकडचं खातं प्रत्येक अर्जाला साधारण किती महिने लागतात ते जाहीर करतं. ती मुदत उलटायच्या आत विचारलं तर छापील उत्तर येतं आणि तुझा आठवडा खराब होतो. मुदत उलटली की रीतसर चौकशी टाक. तेवढ्याने भागलं नाही तर तुमच्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात पत्र द्या. नागरिक नसलात तरी तिथे राहता, म्हणून ते विचारणा करतात. आपल्याकडे आमदाराचं पत्र नेतात तसंच की. आणि शेवटी फेडरल कोर्टात मँडॅमसचा दावा. तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचीच चर्चा चालते म्हणालीस. एक लक्षात घे, कोर्ट फार तर "निर्णय द्या" म्हणतं, "होकार द्या" म्हणत नाही. टेबलावर पडलेल्या फाइलला त्याचा उपयोग, रांगेतल्या माणसाला नाही. आणि फाइलीत काही कच्चं राहिलं असेल तर कोर्टाकडून घाई करवणं म्हणजे अभ्यास न करता परीक्षा अलीकडे ओढणं.

तो नागपूरचा माणूस कोण, जो म्हणाला "आपली आत ओळख आहे, लवकर करून देतो"? त्याचा नंबर काढून टाक. माझ्या केंद्राच्या बाहेर असे चार उभे असतात. त्यांची ओळख चहावाल्याशी असते.

आता त्रुटी. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण हे माझं शेत आहे.

त्रुटी निघाली की माणूस घाबरतो. मला उलट बरं वाटतं. याचा अर्थ कोणीतरी फाइल उघडली! तिकडे त्याला आरएफई म्हणतात, म्हणजे आपलं त्रुटीपत्रच. त्याला साधारण बारा आठवड्यांची मुदत असते, पोस्टाने आलं तर वर तीन दिवस, आणि ती वाढवून मिळत नाही. आपल्या इथे बारा आठवड्यांत काय होतं? दिवाळी होते, तलाठी रजेवर जातात, सर्व्हर बंद पडतो, निवडणुकीची ड्यूटी लागते. म्हणून त्रुटी निघायची वाट न पाहता आपणच आपल्या फाइलीतली त्रुटी काढायची. तुझ्या वाट पाहण्यातलं खरं काम कुठलं असेल तर हे.

काकांच्या कागदांचंच बघ. आजोबांच्या नावाची जी जुनी पंजी आपण नक्कल काढून आणली, तिच्यावर जिल्हा चांदा. सातबाऱ्यावर जिल्हा चंद्रपूर. तुला-मला माहीत आहे की चांदा म्हणजेच चंद्रपूर. इथल्या सिमेंट कारखान्याच्या नावात अजून चांदा आहे, भद्रावतीच्या आयुध निर्माणीच्या नावातही आहे. पण टेबलापलीकडच्या माणसाला ते दोन जिल्हे दिसणार. तिकडे सिरोंचा-आरमोरीकडे तर याच्या पुढची मजा. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या दाखल्यावर चंद्रपूर, आणि माणूस जागचा हललेला नाही तरी आज पत्ता गडचिरोली. अशा लोकांची शपथपत्रं मी किती टाइप केली असतील!

मग आपल्या गावाचं नाव. इंग्रजीत लिहिताना कोणी मध्ये एक जी घालतं, कोणी दोन, कोणी जीला एच जोडतं. तुझ्या पासपोर्टवर एक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, काकांच्या पासबुकावर तिसरं. तुझा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, कारण तू जन्मलीस तेव्हा इथे ग्रामपंचायतच होती. आज नवा काढला तर त्यावर नगरपरिषद. तू लग्नाआधी वडिलांचं नाव मध्ये लावत होतीस, आता नवऱ्याचं. आपल्यासाठी हे इतकं साधं आहे की त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. परक्या माणसाला मात्र तीन गावं, दोन जिल्हे आणि दोन बायका दिसतात.

आणि भाषांतर! पहिल्या भाषांतरकाराने सातबाऱ्यावरच्या "पोटखराब"चं काय केलं होतं ते आठवतं ना? त्याच्या इंग्रजीत काकांच्या जमिनीला जुलाब लागले होते. ते मी परत पाठवलं म्हणून बरं. तेव्हा तू म्हणाली होतीस, "ताई, कोण वाचतंय?" कोणीतरी वाचतं. कधी वाचतं ते सांगता येत नाही, एवढंच.

तुला त्यांनी सात वर्षांची टॅक्स रिटर्न मागितली, पैशाचा उगम मागितला, देणगी देणाऱ्या बापाकडे पैसा कुठून आला ते मागितलं, तेव्हा तू फोनवर किती वैतागली होतीस! म्हणालीस, आपण काय चोर आहोत? माझ्यासमोर तेव्हा मूल तालुक्यातले एक आजोबा बसले होते, वनहक्काच्या दाव्याचे. 2006 च्या त्या कायद्यात गैरआदिवासी दावेदाराला 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. ते पिशवीतून एकेक चिटोरी काढून टेबलावर मांडत होते, आणि प्रत्येक चिटोरीबरोबर एक गोष्ट सांगत होते. वैताग नव्हता त्यांच्या आवाजात. कागद मागतात म्हणजे चोर समजतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तुझ्या डोक्यात ते येतं, कारण तू शिकलेली आहेस आणि तुला आजवर कोणी कागद मागितला नव्हता. राग येऊ देऊ नको, पण हे खरं आहे.

पैशाचं बोलू का? बोलतेच. तू विषय टाळतेस, पण मावशी मला सांगते. जावयांशी तुझी भांडणं याच्यावरूनच होतात ना?

8 लाख डॉलर म्हणजे चेष्टा नाही. त्यात तुमच्या घरावरचं कर्ज, जावयांचे शेअर आणि इकडून गेलेली जमीन. काकांनी 2024 च्या मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा पाठवले, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. 7 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँकेने 20 टक्के टीसीएस घेतला, तेव्हा काका दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना वाटलं तो गेलाच. सीएने समजावलं की विवरणपत्र भरलं की तो करात वळता होतो, उरला तर परत येतो. आला की नाही? आला. पण ते दोन दिवस मी विसरत नाही.

तुझ्या भीतीचं मूळ मला कळतं. या योजनेत पैसा धोक्यात असलाच पाहिजे, अशी कायद्याचीच अट आहे. परताव्याची हमी घेतलीस तर अर्जच बाद. घुग्घुसातल्या माणसाला हे एरवी कळायला हवं. इथे कर्ज काढून ट्रक घेतात आणि कोळशाच्या वाहतुकीचं काम मिळेल या भरवशावर हप्ते ठरवतात. पण 2022 च्या ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डातलं नांदतं घर बघता बघता जमिनीत गेलं, खाली जुन्या खाणीची पोकळी. ते पाहिलेल्या काकांना "पैसा सुरक्षित आहे" असं कोणी सांगितलं की ते नुसते हसतात.

ते चूकही नाहीत. व्हर्माँटमधल्या जे पीक रिसॉर्टचं प्रकरण 2016 मध्ये उघड झालं ते याच योजनेतलं. जगभरच्या लोकांनी पैसे घातले होते. जवळच्या न्यूपोर्ट गावात नव्या बांधकामासाठी जुन्या इमारती पाडल्या आणि पुढे तिथे नुसता खड्डा उरला. त्यानंतर 2022 च्या कायद्याने गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करणाऱ्या रीजनल सेंटरांवर बंधनं आली, दरवर्षी सरकारला हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब तू मागतेस का? प्रकल्पाची इमारत किती मजले वर आली, किती माणसं कामाला लागली, पैसा कुठल्या खात्यातून कुठे गेला, हे दर तीन महिन्यांनी पत्र लिहून विचार. शेवटी प्रत्येक गुंतवणुकीमागे 10 माणसांना पूर्णवेळ काम मिळालं हे दाखवावं लागणारच आहे. स्टेटसच्या पानावर तुझी जी ऊर्जा जाते ना, ती इथे लाव. आणि पैशाचं भांडण नवऱ्याशी करायचं असेल तर रविवारी सकाळी चहा घेऊन, कागद समोर ठेवून कर. रात्री झोपायच्या आधी करू नको. त्या वेळी कोणीच डॉलरबद्दल भांडत नसतं.

आता पोराचं. तो सतरा पूर्ण झाला, एकवीस झाला की तुमच्या अर्जातून बाहेर पडेल, याची तुला धास्ती. यातली एक गोष्ट मला तुझ्याच वकिलाच्या ईमेलमधून कळली, ती तू बहुतेक घाईत वाचलीस. मूळ अर्ज जितके दिवस टेबलावर पडून राहतो, तितके दिवस पोराच्या वयातून वजा करतात. म्हणजे ज्या उशिराला तू रोज शिव्या देतेस, तो उशीर पोराचं वय वाढवत नाही. वय वाढवते ती रांग, आणि तुमच्या खान्यात ती लागलेली नाही. लागली तर हिशेब बदलेल. म्हणून वकिलाकडून आजच्या तारखेचा त्याच्या वयाचा हिशेब लेखी मागून घे आणि फ्रिजवर लाव. मनात केलेला हिशेब रात्री नेहमी चुकीचाच येतो.

हे झालं फाइलीचं. आता जे सांगायला शटर ओढलं ते सांगते.

आमच्या घरात नऊ वर्षं स्वयंपाकाचा ओटा नव्हता. तू लहान होतीस, तुला वाटायचं ताईला खाली बसून रांधायची सवय आहे. सवय कसली! सासऱ्यांच्या जमिनीच्या मोबदल्याची फाइल एका हापिसात होती, कुठल्या ते जाऊ दे. लग्न होऊन आले त्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "मोबदला आला का ओटा बांधू, कडप्पा लावू, तवरिक चालवून घे." मी चालवून घेतलं. आधी सहा महिने, मग एक पावसाळा, मग मोजणं सोडलं. डी.एड.ला नंबर लागला होता, म्हटलं पैसे आले की जाईन. भिंतीला रंग द्यायचा, पैसे आले की. नागपूरला कंबर दाखवायची, पैसे आले की. नऊ वर्षांनी पैसे आले. ओटा अकरा दिवसांत झाला. अकरा दिवसांत, छोटे! चार गोणी सिमेंट, एक मिस्त्री आणि एक कडप्प्याची लादी. तेवढे पैसे आमच्याकडे पहिल्या वर्षीही होते. डी.एड.चं वय मात्र निघून गेलं होतं, आणि कंबर आजही उठताना आवाज करते.

त्या हापिसाने माझी नऊ वर्षं घेतली असं मी पुष्कळ वर्षं म्हणत होते. आता नाही म्हणत. त्यांनी मोबदला अडवला होता. ओटा मी अडवला.

तुझ्याकडे बघते तेव्हा मला तो ओटा दिसतो. ग्रीन कार्डाच्या अर्जावर कामाचं कार्ड तुला केव्हाच आलं आहे. तू वनस्पतीशास्त्रात एमएस्सी, आणि घरात बसून आहेस, कारण "एकदाचं कार्ड येऊ दे, मग बघू." प्रवासाचा परवानाही आला आहे, आणि तीन वर्षं तू मावशीला तोंड दाखवलेलं नाहीस. नोकरी धरलीस तर तुझ्या एच-4 व्हिसाचं काय होईल, बाहेर पडलीस तर परत येताना काय विचारतील, हे प्रश्न खरे आहेत. म्हणून ते वकिलाला लेखी विचार आणि लेखी उत्तर घे. उत्तर "नको" आलं तर नको. पण तू विचारलेलंच नाहीस! दीड वर्षात वकिलाला तू चौदा वेळा "अपडेट काय" विचारलंस आणि हे एकदाही नाही.

आणि कार्ड आलं म्हणजे संपलं असंही नाही, हेही आजच ऐकून ठेव. पहिलं कार्ड दोन वर्षांचं, अटींवर. ती संपायच्या आधीच्या 90 दिवसांत अटी काढायचा अर्ज, आणि तोही वेळ खातो. त्यासाठी पावतीवरच 48 महिन्यांची मुदतवाढ मिळते, यावरून काय ते समज. धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखाचं तुला शाळेत सांगितलं असेल. 2009 मध्ये गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, सगळीकडे नाव झालं. पण तोडलेला बांबू विकायला न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं ते 2011 च्या एप्रिलमध्ये, खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. हक्क मिळाल्यावरही दुसऱ्या कागदासाठी दीड वर्ष. मधल्या काळात गावाने ग्रामसभा भरवणं थांबवलं नव्हतं.

पोर्तुगालात तर 2023 च्या ऑक्टोबरात जुनं इमिग्रेशन खातंच मोडून नवीन काढलं आणि अडकलेली लाखो प्रकरणं नव्या खात्याच्या गळ्यात पडली. त्यांच्या गोल्डन व्हिसावाल्यांचं काय होत असेल! हे तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. दुसऱ्याचं दुखतं म्हणून आपलं थांबत नाही. तुझ्या ग्रुपवर कोणीतरी नवा देश सुचवत असतं ना रोज, त्याला उत्तर म्हणून सांगते. 2025 मध्ये निघालेल्या त्या 10 लाख डॉलरच्या गोल्ड कार्डाचंही तेच. तो पैसा देणगी म्हणून जातो, गुंतवणूक म्हणून नाही. मध्येच फाटक बदलायला धावलं की दोन्ही फाटकं बंद सापडतात, हे मी स्कूटरवर अनुभवलं आहे.

मावशीचं काय करायचं? ती रोज विचारते, "पोरीचं कार्ड आलं का वं?" शेजारच्या काकू विचारतात. बारशात विचारतात, मयतीतही विचारतात. तू दर वेळी नवं उत्तर शोधतेस आणि दमतेस. एकच उत्तर ठरव, "पुढच्या दिवाळीपर्यंत काही नाही," आणि दर दिवाळीला तेच पुढे ढकल. मावशीला मी सांभाळते. तिला कार्ड नको आहे, तिला तू हवी आहेस. कार्ड हा तिचा तुझ्याबद्दल बोलायचा बहाणा आहे.

आणि महिन्यातला एक दिवस फाइलीचा ठरव. पहिला शनिवार म्हण. त्या दिवशी बुलेटिन बघ, स्टेटस बघ, वकिलाला लिहायचं ते लिही, पासपोर्टची, कामाच्या कार्डाची, मेडिकलची मुदत तपास. घर बदललंत तर 10 दिवसांत पत्ता कळवायचा असतो, तो कळवला का ते बघ. कामाचं कार्ड संपायच्या 180 दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज घेतात, तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. मग फाइल कपाटात. उरलेले दिवस केस नंबर जावयांकडे राहू दे, तुझ्या मोबाईलमधून काढ. परवा फाटक उघडल्यावर काय झालं सांगू? इंजिन बंद करून उभे होतो ते आम्ही आणि चालू ठेवणारा तो ट्रकवाला, एकाच वेळी पलीकडे गेलो. त्याचं डिझेल जळलं तेवढं.

बरं, कामाचं. चांदा आणि चंद्रपूर एकच जिल्हा असल्याचं काकांचं शपथपत्र काल नोटरी झालं. गावाच्या नावाच्या तिन्ही स्पेलिंगांचं वेगळं केलं आहे, एकात नको. दोन्हींचे स्कॅन रात्री पाठवते. मूळ प्रती कुरियरने पाठवणार नाही, त्या माझ्या कपाटात राहतील. न्यायला तू ये.